हाँगकाँग आणि अर्धाच शिकवलेला धडा



गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या १९८४ सालच्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. ही 'मुलं' आता सत्तावन्न-अठ्ठावन्नची झाली आहेत. कुणाचे केस गेलेत, कुणाचे गुडघे, दोघी-तिघींना तर नातवंडं झाली आहेत. जेवणं आटोपल्यावर कुणीतरी टूम काढली की सरांनी एक तास घ्यायचा, अगदी पूर्वीसारखा, हजेरीसकट. मी आधी थोडे आढेवेढे घेतले (घ्यायचेच असतात!), मग खडू हातात घेऊन म्हणालो, "अफूचं युद्ध. हा धडा मी तुम्हाला अर्धाच शिकवला होता. उरलेला आज घेतो."

वर्ग हसला. त्यांना वाटलं सर गंमत करताहेत. पण मी गंमत करत नव्हतो. त्या तासाच्या शेवटी काय बोलणं झालं ते पुढे सांगतो. निघताना बऱ्याच जणांनी "सर, हे लिहून काढा" असं बजावलं. आमच्या घरच्या मंडळींनाही ही हकिगत तुकड्यातुकड्यानेच माहीत आहे. म्हणून आज सगळी एका जागी लिहितो.

चौतीस वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यात अफूचं युद्ध हा माझा लाडका धडा. फळ्यावर बाण काढून शिकवायचो. चहा, चांदी, अफू, युद्ध, तह. इंग्रजांना चिनी चहाची चटक लागली. चीनला विलायती मालाची फारशी गरज नव्हती, त्याला हवी होती चांदी. चांदीचा ओघ थांबवायला इंग्रजांनी चीनमध्ये अफू खपवायला सुरुवात केली. चीनच्या बादशहाने लिन झेशू नावाचा करारी अधिकारी कँटनला पाठवला. त्याने १८३९ साली वीस हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. इंग्रजांनी आरमार पाठवलं, चीन हरला आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट इंग्रजांना मिळालं. "मुलांनो, नफ्यासाठी अख्ख्या देशाला विष चारणारे हे लोक!" असं म्हणून मी खडू खाली ठेवायचो. वर्ग सुन्न व्हायचा. मला फार बरं वाटायचं.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरीही धडा अर्धा होता, आणि हे मला कळलं वयाच्या सत्तराव्या वर्षी, एका अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नामुळे.

२०१८ सालचा डिसेंबर. चिरंजीव तेव्हा सिंगापूरला नोकरीला होते. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि सिंगापूरहून निघणाऱ्या एका क्रूझची तिकिटं हातात ठेवली. मुलगा, सूनबाई, नातू आणि आम्ही दोघं. एवढं मोठं जहाज मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आत पाच-सहा जेवणघरं, पोहण्याचे तलाव, नाटकगृह, सगळं काही. तरी सौ.ने लाडू-चिवड्याचा डबा आणि मेतकूट बरोबर घेतलं होतंच, आणि चौथ्या दिवशी तेच कामी आलं. असो.

बोटीवरच्या छोट्याशा वाचनालयात मला हाँगकाँगच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. इतरांनी डेकवर ऊन खाल्लं, मी ते पुस्तक खाल्लं. हाँगकाँगला पोचेपर्यंत निम्मं वाचून झालं होतं. पहाटे डेकवर गेलो तर दोन्ही बाजूंना उंच इमारतींची भिंत, त्यामागे हिरवे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यात फेरीबोटी, मालाचे पडाव, टग यांची ही गर्दी! आमचं जहाज कौलूनच्या बाजूला, ओशन टर्मिनलला लागलं. धक्का थेट शहराच्या पोटातच आहे. रात्री दहापर्यंत परत यायचं, तोवर दिवस आपला.

धक्क्याच्या शेजारीच स्टार फेरीची जेटी. जवळ लाल विटांचा घड्याळाचा मनोरा, १९१५ सालचा, जुन्या रेल्वे स्टेशनचा उरलेला तुकडा. पलीकडे हाँगकाँग बेटावर जायला हिरव्या-पांढऱ्या बोटी. तिकीट तेव्हा आपल्या हिशेबात पंचवीसेक रुपये होतं. लाकडी बाकं, त्यांची पाठ पुढे-मागे ढकलता येते, म्हणजे बोट कुठल्याही दिशेला जावो, तुम्ही तोंड पुढेच करून बसायचं. मला ती युक्ती फार आवडली.

बसल्या बसल्या मी नातवाला पुस्तकातली ताजी माहिती दिली. ही फेरी सुरू केली ती आपल्या मुंबईच्या एका पारशाने. दोराबजी नौरोजी मिठाईवाला. १८५२ साली हाँगकाँगला आला, स्वयंपाकी म्हणून राबला, पुढे बेकरी काढली आणि १८८८ साली कौलून फेरी कंपनी उभी केली. दहा वर्षांनी ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि तिचं नाव स्टार फेरी झालं. बोटींच्या नावांतला 'स्टार' अजून आहे. नातू खूश. "म्हणजे ही आपलीच बोट आबा!" मीही खूश. परदेशात आपल्या माणसाचं नाव निघालं की छाती जरा फुगतेच.

पलीकडे उतरून एचएसबीसी बँकेच्या दाराशी बसलेले ब्राँझचे दोन सिंह पाहिले. १९३५ सालचे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या माऱ्याच्या खुणा त्यांच्या अंगावर अजून दिसतात. नातवाने त्या भोकांत बोटं घालून पाहिली. मी सांगितलं की १८६५ साली ही बँक काढणाऱ्यांच्या पहिल्या समितीत मुंबईशी नातं असलेले पारशी होते आणि ससून घराण्यातलाही एक जण होता. 'ससून' म्हटल्यावर सौ. म्हणाली, "आपल्या हॉस्पिटलचे?" म्हटलं, "हो, तेच घराणं." माझा जन्म पुण्याच्या ससूनमधला, १९४८ सालचा. आई सांगायची, अडलेली होती, तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही जीव वाचवले. त्यामुळे ते नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल.

मग ट्राम. १९०४ पासून चाललेली, दुमजली, टिणटिण करत जाणारी. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, त्या आधी मी मामांबरोबर एकदा बसलो होतो. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली आणि सत्तर वर्षांचा मी सोळाचा झालो. दोन्हीकडे पाट्याच पाट्या, खाली माणसांची रीघ.

कॉजवे बे भागात दुपारी बारा वाजता रोज एक तोफ उडवतात, ती पाहायची होती. मोठ्या हमरस्त्याखालच्या भुयारातून पलीकडे गेलो. पाण्याच्या काठाला कठड्याच्या आत छोटीशी तोफ, गणवेशातला माणूस, घंटेचे टोल आणि मग धडाम! सौ.ने कानावर हात ठेवले. तोफ जार्डिन मॅथेसन कंपनीची. कंपनीचा बडा साहेब बंदरात आला की तिची माणसं तोफेची सलामी देत. नव्याने आलेल्या एका आरमारी अधिकाऱ्याला तो उद्धटपणा खपला नाही, त्याने शिक्षा म्हणून रोज बाराला तोफ उडवायला लावली, अशी आख्यायिका आहे.

"आबा, ही कंपनी काय विकायची?" नातवाने विचारलं.

"अफू," मी म्हणालो, आणि मला माझा लाडका धडाच मिळाला. तिथेच एका कट्ट्यावर बसून चहा, चांदी, अफू, युद्ध, तह सगळे बाण हवेत काढले. विष चारणारे लोक वगैरे शेवटही केला.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण इंग्लंडमध्ये तर एवढी थंडी असते. तिथे अफू पिकते?"

मंडळी, चौतीस वर्षांत, वर्षाला दोन-तीन तुकड्या धरल्या तर हजारो मुलांनी हा धडा ऐकला. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला कधी विचारला नव्हता. म्हणजे उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात 'हिंदुस्थानातून आणलेली अफू' असे तीन शब्द असायचे. मी ते वाचायचो आणि पुढे जायचो.

"आपल्याकडून यायची," मी म्हणालो.

"आपल्याकडून म्हणजे?"

"बंगालमधून. तिथे कंपनी शेतकऱ्यांना जबरदस्तीने लावायला लावायची." हे खरंच होतं. पाटणा आणि गाझीपूरकडच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. आगाऊ रक्कम देऊन रयतेला अडकवायचं आणि ठरवून दिलेल्या भावात माल घ्यायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे माझं उत्तर मला सोयीचंच होतं. आपले शेतकरी बिचारे, चिनी बिचारे, इंग्रज दुष्ट.

तेवढ्यात सौ. म्हणाली, "बंगालच कशाला? आमच्या माळव्यात बघावी अफू!" सौ.चं माहेर इंदूरचं. लहानपणी मंदसौरकडे नातेवाइकांच्या लग्नाला जाताना रस्त्याच्या दुतर्फा पोस्ताची पांढरी फुलं पाहिल्याचं तिला आठवत होतं. नातवाला ती म्हणाली, "दिवाळीत अनारसे थापताना खाली खसखस पसरते ना मी, ती त्याच झाडाची." माळव्यात आजही सरकारी परवान्याने, औषधांसाठी, अफूची शेती होते. मी विषय तिथेच सोडला. पण मनात कुसळ राहिलं.

पुढची ट्राम हॅपी व्हॅलीकडे जाणारी होती. तिथलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान पाहू, असं चिरंजीवांचं म्हणणं. मैदानाला वळसा घालून जाताना दुसऱ्या बाजूला ओळीने दफनभूमी लागतात. मुसलमानांची, कॅथलिकांची, प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांची, आणि मग एका फाटकावर पारशांची. आम्ही उतरलो. फाटक उघडं होतं.

आत डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी दगडी थडगी, दाट झाडी आणि विलक्षण शांतता. मुंबईत पारशांची दखमा असते. इथे ती सोय नाही, म्हणून १८५२ पासून पारशी मंडळी आपली माणसं इथे पुरत आली. दगडांवर इंग्रजी आणि गुजराती अक्षरं. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेघ काढून टाकलेली आपलीच अक्षरं, लावत लावत वाचता येतात. एका दगडावर 'मुंबई' हा शब्द वाचला आणि पाय तिथेच थांबले. कुठली मुंबई आणि कुठे हा डोंगर! त्या काळात शिडाच्या जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून आलेली ही माणसं, परत घरी गेलीच नाहीत.

नातू थडगी मोजत होता. परत येऊन म्हणाला, "आबा, हे सगळे मुंबईचे. मग हे इथे काय विकायला आले होते?"

मी म्हणालो, "कापूस." थोड्या वेळाने म्हणालो, "आणि अफू."

तो काही बोलला नाही. मुलं अशा वेळी काही बोलत नाहीत, ते जास्त अवघड असतं.

दुपारी परत कौलूनला येऊन इतिहासाचं संग्रहालय पाहिलं. वाटेत मोदी रोड लागतो. सर होरमसजी मोदी, हेही मुंबईहून आलेले. सुरुवातीला अफूच्या व्यापाऱ्याच्या पेढीत काम केलं, पुढे दलालीत आणि जमिनींत अमाप पैसा मिळवला. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी त्यांनी दीड लाख डॉलर दिले. १९१० साली पायाभरणी झाली, १९११ साली ते वारले, इमारत पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही. सकाळी हे वाचताना मी अभिमानाने नोंद करून ठेवली होती. दुपारी त्याच रस्त्यावर उभं राहून त्या नोंदीकडे पाहताना तसं वाटेना.

संग्रहालयात अफूच्या युद्धाचं वेगळं दालन होतं. लिन झेशूने राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्राबद्दल मला आधीपासून माहीत होतं. आपल्या देशाला जे चालत नाही ते दुसऱ्याच्या देशात का पाठवता, असा त्याचा साधा सवाल होता. ते पत्र राणीपर्यंत पोचलंच नसावं असं म्हणतात. त्या दालनात उभा असताना प्रथमच मनात आलं की या पत्राची एक प्रत मुंबईच्या पत्त्यावरही पाठवायला हवी होती.

रात्री जहाज सुटलं. दोन्ही काठांवर दिव्यांचा लखलखाट, सगळे डेकवर फोटो काढत होते. देखावा खरोखर अपूर्व होता. नातू माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही शाळेत हे शिकवलं होतं? मुंबईचं?" मी म्हणालो, "नाही रे. राहून गेलं."

राहून गेलं! चौतीस वर्षं?

पुण्याला परतल्यावर मी ग्रंथालयात जाऊन बसायला लागलो. रिटायर माणसाला वेळच वेळ. पुढे करोनाच्या दिवसांत घरबसल्याही बरंच वाचलं. त्यातलं मुख्य तेवढं सांगतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली, हे आपण शाळेत घोकतो. त्याच लढाईत होळकरांचाही पराभव झाला, मंदसौरचा तह झाला आणि माळव्यावर इंग्रजांचा वरचष्मा आला. पण माळव्यातली अफू कंपनीची नव्हती. ती पिकायची शिंद्यांच्या, होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात. उज्जैन, इंदूर, मंदसौर इथले सावकार पैसा लावायचे. बंगालच्या मक्तेदारीला धक्का नको म्हणून कंपनीने माळव्याची अफू अडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, संस्थानिकांशी करार केले. पण आपले व्यापारी वस्ताद! त्यांनी माल वाळवंटातून उंटांवर लादून कराचीला नेला, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला, आणि दमणहून चीनला. शेवटी कंपनीने हात टेकले आणि १८३० नंतर दर पेटीमागे कर घेऊन माल सरळ मुंबईहून जाऊ द्यायला सुरुवात केली. त्या दशकात चीनला जाणाऱ्या हिंदुस्थानी अफूपैकी निम्म्याच्या आसपास माळव्याची होती.

हे वाचताना मला आधी आनंदच झाला, हे कबूल करतो. कंपनीला आपल्या लोकांनी कसं चकवलं! काही इतिहासकार तर म्हणतात की इंग्रजांच्या अमलात पश्चिम हिंदुस्थानातल्या व्यापाऱ्यांच्या हाती स्वतःचं भांडवल उरलं, मुंबईत पुढे देशी लोकांच्या गिरण्या निघाल्या, त्याला या व्यापाराचा मोठा आधार होता. बंगालमध्ये तसं झालं नाही, कारण तिथे सगळा नफा कंपनीनेच खाल्ला. हे पटण्यासारखं आहे. पण आनंद थोडाच वेळ टिकला. कारण कराची, दमण, मुंबई हे सगळे रस्ते शेवटी जात होते कुठे? एका चिनी माणसाच्या चिलमीत.

सर जमशेटजी जीजीभाई यांची हकिगत तर कादंबरीसारखी आहे. १७८३ चा जन्म, लहानपणीच पोरके झाले, रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात शिरले, तरुणपणी चीनच्या सफरी केल्या. १८०५ साली त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली ती जन्मभर टिकली. ज्याच्या कंपनीची तोफ आम्ही बारा वाजता ऐकली तोच हा जार्डिन! पुढे त्याच्या कंपनीसाठी मुंबईतून कापूस आणि अफू पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रगण्य होते. १८४२ साली, म्हणजे नानकिंगच्या तहाच्याच वर्षी, त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. ती मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनी दान किती केलं? जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पुण्याच्या बंडगार्डनचा बंधारा. पत्नी आवाबाईंच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला. या माणसाने मिळवलं त्यातलं किती परत दिलं ते पाहिलं की हात जोडावेसे वाटतात.

आणि ससून. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमाराला बगदादहून इराणमार्गे मुंबईला आले. कापूस आणि अफू यांवर घराणं वाढलं. पुढे चीनच्या अफूच्या व्यापारात त्यांनी जार्डिनलाही मागे टाकलं. पुण्यात लाल देवळात त्यांची कबर आहे. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हॉस्पिटल १८६७ साली सुरू झालं, आणि एक्क्याऐंशी वर्षांनी तिथे माझी आई वाचली आणि मी जन्मलो.

आणखी एक गोष्ट. नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी कॉर्नवॉलिस नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर झाला. ही नौका कुठे बांधलेली? मुंबईच्या गोदीत, १८१३ साली, वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखाली, उत्तम सागवानात. त्या तहात चीनने दोन कोटी दहा लाख डॉलर द्यायचं ठरलं. त्यातले साठ लाख लिन झेशूने नष्ट केलेल्या अफूची भरपाई. त्या पेट्यांमध्ये मुंबईकरांचा माल होता. म्हणजे माल आपला, जहाज आपलं, आणि धडा मात्र इंग्रजांचा आणि चिन्यांचा!

इथे कुणी म्हणेल, "अहो, तो काळच तसा होता. व्यापार कायदेशीर होता. आजच्या चष्म्यातून कशाला पाहता?" मीही हे म्हणून पाहिलं. पण त्या काळातही काहींना दिसत होतंच की. दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू आणि दारूचा व्यवहार मान्य नाही म्हणून काही वर्षांत तिथून बाहेर पडले. ते स्वतः पारशी, त्याच व्यापारी वर्तुळातले. पुढे लिहितानाही त्यांनी या व्यापाराला लांच्छनच म्हटलं. आणि १८८१ साली वीस वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकुरांनी चीनमधल्या या मरणाच्या व्यापारावर बंगालीत लेख लिहिला. तेव्हा काळाच्या नावाने सगळं खपवता येत नाही. १९०७ साली चीनशी करार होऊन निर्यात कमी करत आणायचं ठरलं आणि काही वर्षांत ती थांबली. तोवर एका पिढीचं नव्हे, चार पिढ्यांचं नुकसान झालं होतं.

हे पारशांवर किंवा ससूनांवर बोट दाखवायला मी लिहीत नाही, हे कृपया लक्षात घ्या. नावं त्यांची दिसतात कारण त्यांनी दान केलं आणि पाट्या लागल्या. माळव्याच्या सावकारांत मारवाडी होते, गुजराती होते, आणि त्या मालावरचा कर ज्या संस्थानांच्या तिजोरीत जात होता त्यांतली मोठी संस्थानं मराठी होती. ज्यांनी दान केलं नाही त्यांच्या पाट्या नाहीत, एवढाच फरक.

तर स्नेहसंमेलनात मी हे सगळं चाळीस मिनिटांत सांगितलं. फळ्यावर तेच जुने बाण काढले, पण या वेळी पहिला बाण माळव्यातून निघाला, मुंबईला थांबला आणि मग चीनला गेला. वर्गात हसणं केव्हाच थांबलं होतं.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तेव्हाचा वर्गातला सगळ्यात मस्तीखोर मुलगा, आता नावाजलेला सर्जन आहे. म्हणाला, "सर, मी डॉक्टर झालो तो ससूनच्या वॉर्डांत शिकून. मग आम्ही काय करायचं? उपकार मानायचे की लाज बाळगायची?"

मी म्हणालो, "अरे, मी तर तिथे जन्मलोय. मला विचारशील तर दोन्ही. परीक्षेत एकाच पर्यायावर खूण करायची असते म्हणून तुम्हाला सवय लागली. आईला वाचवणाऱ्या हॉस्पिटलला मी नमस्कार करतो, आणि तो करताना तो पैसा ज्यांच्या घरातून आला त्यांचीही आठवण ठेवतो. यापलीकडे मला तरी अजून काही सुचलेलं नाही."

तो म्हणाला, "पण सर, तेव्हा का नाही सांगितलंत?"

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. म्हणालो, "कारण इतिहासात आपण नेहमी सोसणारे असतो, हे शिकवायला मला बरं वाटायचं. तुम्हालाही ऐकायला बरं वाटायचं." मग हजेरी घेतली. दोन मुलं आता या जगात नाहीत. त्यांची नावंही घेतली.

नातू आता अठरा वर्षांचा आहे. परवा फोनवर त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबा, म्हणजे पूर्ण झाला धडा?" म्हटलं, "नाही रे, आत्ता सुरू झालाय."

लेख लांबला, क्षमस्व. आमच्या इंदूर-उज्जैनकडच्या आप्तांना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत त्या काळच्या पेढ्यांची पत्रं, वह्या, मोडीतले कागद पडले असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा. मोडी मला अजून वाचता येते.